जुनी फटफटी आणि नवे दागिने

सन २०२३ च्या डिसेंबरांत एके रात्रीं साडेनऊच्या सुमारास चिपळूणहून आमच्या घरीं फोन आला. बोलत होता आमचा पुतण्या. त्याचा आवाज अगदीं हळू होता, आणि तेवढ्यावरूनच कांहीं तरी विपरीत घडलें असावें हें आम्हीं ताडलें. कारण हा मुलगा लहानपणापासून घाबरला म्हणजे हळू बोलतो. कुंभार्ली घाटांत फटफटी पडली होती. त्याला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नव्हतें. परंतु मागें बसलेल्या सूनबाईच्या डाव्या मनगटाचें हाड मोडलें होतें. मागून येणाऱ्या एका एस. टी.च्या चालकानें गाडी थांबवून, तिच्या दिव्यांच्या उजेडांत दोघांस चरांतून वर काढलें व तसेंच चिपळुणास दवाखान्यापर्यंत पोंचविलें. त्या सद्गृहस्थाचें नांवहि आम्हांस कळलें नाहीं.

फटफटी आमच्या वडील बंधूंची. दादांनीं ती १९९६ सालीं नवी घेतली. बुलेट जातीची, साडेतीनशें सी. सी.ची, काळ्या रंगाची. ते पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर होते आणि नोकरीचीं उरलेलीं सारीं वर्षें त्यांनीं कालव्यांच्या कडेनें हिच्यावर बसून काढलीं. सुटींत वहिनींस मागें बसवून ते पंढरपूर, गोकर्ण, एकदां तर थेट हंपीपर्यंत जाऊन आले. २०१९ सालीं दादा गेले, आणि फटफटी पडवींत जुन्या सतरंजीखालीं उभी राहिली. चार वर्षें तिला कोणीं हात लाविला नाहीं. मग पुतण्यानें ती बाहेर काढली, पुसली, पुण्यास नेऊन तिच्यावर नाना उपकरणें चढविलीं, आणि वाईहून गुहागरची सहल ठरविली. तिचा शेवट वर सांगितलाच आहे.

अपघातानंतरच्या रविवारीं माजघरांत सभा भरली. आमच्या घरांत असले प्रश्न दुपारच्या चहाच्या वेळींच निघतात. धाकट्या बंधूंचें मत सरळ होतें: लोखंड आहे, लोखंडाच्या भावानें विकून टाका. आमच्या कुटुंबानें त्यास दुजोरा दिला. पुतण्या मान खालीं घालून बसला होता. सूनबाई प्लास्टरांतला हात उशीवर ठेवून नुसती ऐकत होती. शेवटीं वहिनी बोलल्या. "भावजी, विकायची तर खुशाल विका. पण मोडकी म्हणून विकायची नाहीं. त्यांनीं ती कधीं मोडकी ठेवली नव्हती. आधीं नीट करा, मग काय तें ठरवूं."

"नीट करा" हें त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या, आणि त्यास कारण होतें. आम्ही जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. स्वतः सायकलीपलीकडे कांहीं चालविलें नाहीं. परंतु दर रविवारीं सकाळीं दादा अंगणांत पाना घेऊन बसत आणि आम्ही त्यांच्या शेजारीं पाटावर वही घेऊन. दादा सांगत, आम्ही लिहीत. त्यांचे हात तेलकट, आमचें अक्षर बरें, अशी ती वांटणी होती. बावीस-तेवीस वर्षांची ती वही. असें असतां, सहलीस निघण्याच्या आदल्या दिवशीं पुतण्यानें येऊन आम्हांस विचारलें होतें, "काका, गाडी ठीक आहे ना? तुम्ही बाबांबरोबर बसत होतां, म्हणून विचारतों." आम्ही झोपाळ्यावर 'रघुवंश' घेऊन बसलों होतों. "सुरू होते ना? मग ठीकच असेल," असें म्हणून आम्हीं पान उलटलें. हें वाक्य आम्हांस पुढें फार दिवस ऐकूं येत राहिलें.

या यंत्राची कुळकथा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण त्याचा स्वभाव तिच्यांतून कळतो. रॉयल एनफील्ड हें नांव मूळ इंग्लंडांतील रेडिच या गांवचें. तेथें पहिली फटफटी १९०१ सालीं झाली. 'बुलेट' हें नांव १९३२ पासूनचें. दुसऱ्या महायुद्धानंतर मागील चाकास स्प्रिंगांचा आधार देऊन जी नवी बुलेट तेथें निघाली, तीच पुढें आपल्याकडे आली. आपल्या सैन्यास सरहद्दीवरील गस्तीसाठीं तशा गाड्या हव्या होत्या, आणि १९५५ सालीं त्या जुळविण्यासाठीं मद्रासेंत कंपनी उभी राहिली. १९७० च्या सुमारास इंग्लंडांतील मूळ कारखाना मिटला. मद्रासची शाखा मात्र जगली, आणि ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचें तेंच इंजिन किरकोळ फेरफारांनीं जवळजवळ २०१० पर्यंत करीत राहिली. मूळ घराणें निर्वंश व्हावें आणि दत्तक मुलानें नांव चालवावें, तसा हा प्रकार.

या इंजिनांत सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ९० मिलिमीटर आहे. म्हणजे रुंदीपेक्षां उंची अधिक. अशा इंजिनाचा ठोका सावकाश पण भारी पडतो. चढावर तें कुरकुरत नाहीं, ओझ्यास भीत नाहीं. मात्र घाई त्यास मानवत नाहीं. दादा साठाच्या वर कांटा जाऊं देत नसत. ज्या काळीं हें यंत्र कल्पिलें गेलें, त्या काळीं रस्ते अरुंद, वेग बेताचे आणि दिवे मिणमिणते असत. आणि त्याचे ब्रेक, त्याची वीज, त्याचा सांगाडा, सारें त्याच मापानें बेतलेलें आहे. पुतण्यानें ही गोष्ट ध्यानांत घेतली नव्हती. आम्हांस ती ठाऊक होती आणि आम्हीं सांगितली नव्हती.

आतां अपघाताची मीमांसा. मोडलेली गाडी टेंपोंतून घरीं आली, तेव्हां आम्हीं प्रथम तिचे दिवे मोजले. मूळच्या दिव्याखेरीज पुढें दोन मोठे हॅलोजन दिवे होते, प्रत्येकीं ५५ वॅटचे. दोघांचे मिळून ११० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे अँपियर निघतात, हें आम्ही मॅट्रिकला शिकलों. येथें भागाकार नऊहून अधिक येतो. म्हणजे नुसत्या हौसेच्या दिव्यांनीं नऊ अँपियर प्यावयाचे, वर मूळचा दिवा, मागचा दिवा, आणि हँडलवर बसविलेला मोबाइल भारण्याचें यंत्र. इंजिनाबरोबर फिरणारा वीजजनक यंत्रभाग, ज्यास अल्टरनेटर म्हणतात, तो इतकी वीज देण्यासाठीं बनविलेलाच नाहीं. आणि घाट उतरतांना इंजिन संथ फिरतें, तेव्हां तो आणखीच कमी देतो. उरलेली तूट बॅटरी भरून काढते, आणि ती बॅटरी तरी केवढी!

बुलेटच्या दिव्याच्या मागें, चालकाच्या डोळ्यांसमोर, एक लहानसें घड्याळ असतें. त्यास ॲमीटर म्हणतात. कांटा मध्यापासून उजवीकडे गेला तर बॅटरींत वीज जमा होत आहे, डावीकडे गेला तर खर्च होत आहे. घरखर्चाच्या वहीसारखाच हा जमाखर्च. कोयनानगर सोडल्यापासून कांटा डावीकडे पडून होता, असें पुतण्यानेंच आम्हांस सांगितलें. "जुन्या गाडीचा कांटा, बिघडला असेल, असें वाटलें," तो म्हणाला. साऱ्या गाडींत त्या रात्रीं खरें बोलणारा तो एकच कांटा होता. या गाडींतील ठिणगीहि बॅटरीच्याच विजेवर पडते. दिव्यांनीं बॅटरी पिऊन टाकली, त्याबरोबर प्रथम दिवे पिंवळे पडले, मग इंजिन अडखळलें, आणि एका वळणावर उजेड व इंजिन दोन्ही एकदम गेलीं.

तरीहि गाडी थांबावयास हवी होती. बंद पडलेलें इंजिनसुद्धां गियरांत असलें तर चाकास धरून ठेवतें. परंतु गोंधळून पुतण्यानें क्लच दाबला, आणि गाडी उतारावर मोकळी सुटली. मग ब्रेक. पुढील ब्रेक चार वर्षांच्या गंजानें अर्धा मेलेला. आणि मागील?

मागील ब्रेकाविषयीं वही उघडली. शेवटच्या पानावर, सन २०१९ च्या जानेवारींतील नोंद होती: "मागील ब्रेकचें लायनिंग संपत आलें. पुढील खेपेस बदलणें." अक्षर आमचें. पुढील खेप आलीच नाहीं, कारण त्यानंतर दादा अंथरुणावरून उठले नाहींत. वही कपाटांत, कपाट आमच्या खोलींत. आम्हीं तें पान वहिनींस दाखविलें. त्यांनीं तें वाचलें, आणि कांहीं न बोलतां वही परत दिली.

दुरुस्तीचें काम सहा महिने चाललें, आणि ते सातारच्या एका वृद्ध मेस्त्रींच्या सल्ल्यानें. त्यांची पहिली आज्ञा मोठी मार्मिक होती. "गुरुजी, आधीं धुवा. घाणीखालीं आजार दिसत नाहीं." दोन दिवस केरोसीन, ब्रश आणि फडकीं यांतच गेले. तेल नक्की कोठून पाझरतें हें त्यानंतरच कळलें. जुन्या बुलेटखालीं तेलाचा थेंब दिसला म्हणजे लोक हंसतात. थेंब कोणत्या सांध्यांतून आला हें मात्र पाहत नाहींत.

तेलाची एक फजिती सांगितली पाहिजे. या इंजिनांत तेल खालच्या तळांत सांठत नाहीं. इंजिनाच्याच पोटांत त्यासाठीं वेगळा कप्पा आहे, आणि पंप तें तेथून उचलून फिरवून पुन्हां तेथें आणून सोडतो. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली म्हणजे कप्प्यांतील तेल हळूहळू झिरपून खालच्या तळांत उतरतें. आम्हीं तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली, ती कोरडी. आम्हीं लिटरभर तेल ओतलें. इंजिन सुरू होतांच खालचें तेल वर आलें, कप्पा भरून वाहिला, आणि श्वासनळींतून बाहेर पडलेल्या तेलानें अंगणांतील रांगोळी काळी झाली. आमच्या कुटुंबानें त्यावर जें भाष्य केलें तें येथें देत नाहीं. तेल पाहणें तें दहा मिनिटें गाडी चालवून, मग थोडी थांबवून पाहावें. वहींत हें स्पष्ट लिहिलेलें होतें. वीस-पन्नास जातीचें तेल, दर तीन हजार किलोमीटरांनीं बदल, व त्याबरोबर आंतील गाळणीचा नमदाहि नवा, हा दादांचा नेम होता; तोच पुढें चालू ठेविला आहे.

टॅपेटचें काम आम्हांस सर्वांत आवडलें. झडपा उघडणाऱ्या दोन लांब सळया असतात. त्यांची आणि झडपांची गांठ किती सैल असावी, हा प्रश्न. इंजिन पूर्ण थंड असावें, पिस्टन दाबाच्या फेऱ्यांत वर आलेला असावा, आणि मग सळी दोन बोटांनीं सहज फिरली पाहिजे, पण वरखालीं मुळींच हललीं नाहीं पाहिजे. ना फट, ना दाब. सैल राहिली तर खटखट वाजते आणि शक्ति कमी होते. फार घट्ट झाली तर झडप पुरती बसत नाहीं आणि जळते. म्हणून आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षां अगदीं मुका टॅपेट अधिक वाईट, असें मेस्त्री म्हणत. आम्हीं चार वेळां बसविली, चारहि वेळां समाधान होईना. पांचव्या वेळीं गाडी सुरू केली, तों स्वयंपाकघरांतून वहिनींचा आवाज आला, "आतां बरोबर!" त्यांनीं पानाहि कधीं हातीं धरला नव्हता. परंतु तेवीस वर्षें संध्याकाळीं वळणावरून येणारा तो आवाज ऐकून त्यांनीं तव्यावर पोळी टाकली होती. त्यापुढें आम्हीं मेस्त्रींस विचारण्याचें सोडून दिलें.

ब्रेकांचीं दोन्ही लायनिंगें नवीं घातलीं. येथें एक इशारा देणें कर्तव्य आहे. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. त्याची धूळ फुप्फुसांस घातक. ड्रम उघडून तोंडानें फुंकर मारण्याची मेस्त्रीलोकांची जुनी खोड आहे, ती कोणींहि करूं नये. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. दुसरी युक्ति अशी कीं, चाक बसवितांना आंसाचा नट सैल ठेवून ब्रेक जोरानें दाबून धरावा आणि तसाच असतां नट आंवळावा. म्हणजे आंतील दोन्ही नाल ड्रमाच्या मध्यास येऊन सारखे टेकतात. फुकटची युक्ति, पण ब्रेकांत फरक केवढा पडला!

टायर पाहून तर आम्ही चकित झालों. नक्षी जवळजवळ नवी. परंतु टायरच्या कडेस एका लंबगोलांत चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात, पुढचे दोन साल. आमच्या पुढील टायरवर २७१४ होतें, म्हणजे २०१४ सालचा सत्ताविसावा आठवडा. नऊ वर्षांचें रबर. बाजूला नखानें दाबलें तर बारीक चिरा दिसत होत्या. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोणतीहि जुनी गाडी उभी असेल, त्यांनीं हा अंक उठून पाहून यावा. लेख तोंवर थांबेल.

पेट्रोलविषयीं एक नवी अडचण दादांच्या वहींत नाहीं, कारण ती त्यांच्या मागून आली. २०२५ सालापर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें आणि जुन्या जातीच्या रबरास मऊ करतें. म्हणून पेट्रोलची नळी, तोटीचीं वायसरें आणि कार्ब्युरेटरमधील रबरी वस्तु नव्या घालाव्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तोटी बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी. आमच्या वाटींत चार वर्षांचें हिरवट चिकट कीट निघालें.

नोंदणीचें नूतनीकरण, विमा, धुराचा दाखला हीं कामें पुतण्यानें केलीं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, एवढें सांगून पुढें जातों.

आतां दागिन्यांकडे वळूं. दुकानदार ज्यांस ॲक्सेसरीज म्हणतात, त्यांस संस्कृतांत चांगला शब्द आहे: उपस्कर. 'कृ' धातूस 'उप' लागला म्हणजे साधा 'उपकार' होतो. परंतु कांहीं ठराविक अर्थीं मध्यें एक सकार येऊन बसतो आणि 'उपस्कृत' असें रूप होतें. ते अर्थ पाणिनीनें मोजून दिले आहेत. त्यांत भूषविणें हा एक अर्थ आहे, असलेल्या वस्तूंत नवा गुण घालणें हाहि आहे. आणि मूळ वस्तु विकृत होणें हाहि आहे. आम्हीं हा नियम तीस वर्षें शिकविला, पण त्याचें उदाहरण अंगणांत उभें पाहण्याचा योग साठी उलटल्यावर आला. पुतण्यास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, प्रत्येक वस्तु हातांत घेऊन विचार: ही गाडीची वीज खाते काय, तोल बिघडविते काय, ब्रेकांवर भार घालते काय? तिन्हीं नाहीं, तर खुशाल लाव. कोणतेंहि एक होय असेल, तर आधीं हिशेब.

पहिली गेली ती पोलादी पेटी. ती मागील दिव्याच्याहि मागें, चाकाच्या आंसापलीकडे लटकत होती. आंसामागें टाकलेलें ओझें तागडीप्रमाणें पुढचें चाक उचलूं पाहतें. हँडल हलकें होतें आणि वळणावर गाडी डोलूं लागते. तिच्या जागीं पांचगणीस घोड्यांचें खोगीर शिवणाऱ्या एका कारागिराकडून जाड कॅनव्हासच्या दोन झोळ्या करून घेतल्या. त्या सीटच्या दोन्ही बाजूंस, आंसाच्या पुढें व खालीं बसतात. उजवीकडे सायलेन्सर तापतो, म्हणून त्या बाजूस लोखंडी सळ्यांची चौकट घालून झोळी चार बोटें दूर ठेविली. घोड्यावर ओझें कसें लादावें हें त्या कारागिरास आमच्याहून अधिक कळत होतें. त्यानें प्रथम विचारलें तें हेंच, "दोन्हीकडे सारखें भरणार ना?"

पेटी बसविण्यासाठीं पुतण्यानें डाव्या बाजूची साडी-जाळी काढून टाकली होती. हल्लीं साडी नेसून कोण बसतें, हा त्याचा युक्तिवाद. वहिनींनीं तो एका वाक्यांत निकालांत काढला: "साडी नसेल, ओढणी तर आहे?" १९९८ सालीं मिरजेजवळ त्यांचा पदर वाऱ्यानें उडून चाकाकडे गेला तो याच जाळीस अडकून राहिला होता, ही गोष्ट तेव्हां प्रथमच आम्हांस कळली, दादांनीं ती वहींत लिहविली नव्हती. कायद्याचीहि तीच आज्ञा आहे. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९, यांतील १२३ व्या नियमानें मागें बसणारासाठीं धरावयाचा आधार, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण हीं आवश्यक आहेत. जाळी माळ्यावर सांपडली. रंगवून पुन्हां बसविली.

पुढील लोखंडी पाय-रक्षक मात्र ठेविला, कारण घाटांत पुतण्याचा पाय त्यानेंच वांचविला. तो वाकला होता. सरळ न करतां नवा घेतला, कारण एकदां वाकलेल्या लोखंडावर पुन्हां विश्वास टाकूं नये असें मेस्त्री म्हणाले. शिरस्त्राणें दोघांचींहि नवीं घेतलीं, त्याच न्यायानें. कर्कश सायलेन्सर पुतण्याच्या मनांत होता. त्यावर वादच झाला नाहीं. वहिनींस तव्यावरील पोळीची वेळ कळली पाहिजे, एवढें आम्हीं सांगितलें आणि तो हंसला. अपघातानंतर तो प्रथमच हंसला असावा.

मोबाइल हँडलवर लावण्याचें साधन आम्हीं काढविलें. या इंजिनाचा थरकाप नाजूक कॅमेऱ्यास सोसत नाहीं. आणि घाटांत नकाशाकडे पाहणाराचे डोळे रस्त्यावर नसतात. नकाशा मागें बसणारानें पाहून सांगावा.

दिव्यांविषयीं मात्र आमचा पराभव झाला. आमचें मत होतें, एकहि जादा दिवा नको. रात्रीं प्रवासच नको. सूनबाई एकाएकीं म्हणाली, "काका, अंधारांत मी पडलें होतें. उजेड मला हवा." यावर कोणता युक्तिवाद करणार? तेव्हां हिशेब मांडला. आतां एल. ई. डी. जातीचे दहा-दहा वॅटचे दिवे मिळतात. दोघांचे मिळून वीस वॅट, म्हणजे दोन अँपियरांहून कमी. तेवढें हें यंत्र देऊं शकतें. दिवे लावले, पण तारा थेट बॅटरीस न जोडतां मध्यें फ्यूज आणि रिले घालून. पूर्वींच्या दुकानदारानें फ्यूजहि घातला नव्हता. मूळ दिव्याच्या जोडतारा घांसून स्वच्छ केल्या, तेव्हां त्याचाच उजेड दीडपट वाटूं लागला. शिवाय झोळ्यांवर, मागून प्रकाश पडतांच चमकणाऱ्या पट्ट्या शिवल्या. त्या पट्ट्यांस वीज लागत नाहीं, वजन नाहीं, आणि मागून येणाऱ्या ट्रकास त्या दिव्याआधीं दिसतात. साऱ्या उपस्करांत आम्हांस त्याच अधिक पसंत पडल्या.

सीटखालीं एक लहान पिशवी ठेविली: प्लग, प्लॅटिनम पॉइंट, कंडेन्सर, बल्ब, फ्यूज, साखळीचा सुटा दुवा. क्लचची एक जादा केबल चालू केबलीच्या शेजारून आधींच ओवून चिकटवून ठेविली. तुटली तर दोन टोकें जोडण्याचेंच काम उरतें. हें सारें मिळून, टायर धरून, बावीस हजारांच्या आंत झालें. पूर्वींच्या शोभेच्या वस्तूंवर पुतण्यानें याहून अधिक खर्च केला होता.

१५ ऑगस्ट २०२४ रोजीं फटफटी उभी केली आणि धाकट्या बंधूंनीं विक्रीची आठवण दिली. वहिनी म्हणाल्या, "नीट झाली कीं नाहीं, हें अंगणांत कसें कळणार?" मग सूनबाईकडे सर्वांचे डोळे वळले. तिचें मनगट आतां सांधलें होतें, तरी पावसाळ्यांत दुखत असे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मी बसेन. पण घाट दिवसा उतरायचा. आणि त्या कांट्याकडे मी पाहणार."

दिवाळीनंतर, नोव्हेंबरांत, दोघें निघालीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं पुतण्यानें पुन्हां विचारलें, "काका, ठीक आहे ना?" या खेपेस आम्ही वही घेऊन अंगणांत गेलों आणि दोन तास तेथेंच होतों. सातारा, उंब्रज, पाटण या मार्गानें तीं दुपारीं बारास हेळवाकास पोंचलीं. तेथें चहा घेऊन इंजिन निवूं दिलें. ज्या गियरांत चढावें त्याच गियरांत उतरावें, हा दादांचा नियम. तो पाळून, दुसऱ्या गियरांत, क्लचास हात न लावतां, तीं कुंभार्ली उतरलीं. अर्ध्या घाटांत एका वळणावर सूनबाईनें गाडी थांबवावयास सांगितली. तोच चर. दोघें पांच मिनिटें तेथें उभीं राहिलीं, असें पुतण्या सांगतो; काय बोललीं तें त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. पोफळीहून फोन आला. आवाज मोठा होता.

तीन दिवसांनीं गाडी परत आली. विक्रीचा विषय त्यानंतर निघाला नाहीं. धाकट्या बंधूंनीं मात्र एकदां सहज म्हणून शिरस्त्राणाची किंमत विचारली. वहींत नवी नोंद झाली आहे, आणि अक्षर सूनबाईचें आहे: गेल्या-आल्याचे किलोमीटर, तेल दीडशें मिलिलिटर घातलें, साखळी एकदां आंवळली, झोळीच्या चौकटीचा एक बोल्ट वाटेंत पडला तो चिपळुणास नवा घेतला. खालीं "पुढील खेपेस" असें लिहून पुढें लिहिलें आहे: "क्लचच्या केबलीचा एक तंतु तुटलेला दिसतो." केबल त्याच रविवारीं बदलली.